जागा सोडली आहे

गर्गे गुरुजींच्या बावन्न वह्या
पंचवटीतून रिक्षाने मुंबई नाक्याला आल्या
तेव्हा लिफ्ट बंद होती.
मी आणि नाझनीन कोकणी, दोघींनी मिळून
तीन मजले चढवली लोकांची घराणी.
बासनाचा लाल रंग माझ्या कुर्त्याला लागला,
तो अजून आहे.

स्कॅन झालं, टायपिंग झालं,
प्रत्येक घराण्याची एक एक्सएमएल फाइल झाली.
जिथे वहीत होतं "पुढील शाखा अन्यत्र पाहावी"
तिथे मी लिहिलं
एक अँपरसँड, एक नाव, एक अर्धविराम,
आणि वर, फाइलच्या कपाळावर, त्या नावाचा पत्ता.

पार्सर वाचत येतो. नाव दिसलं की थांबतो.
पत्त्यावर जातो, सापडेल ते आणतो
आणि त्या जागी ओततो.
घर कुणाचं, पाठवलं कुणी, विचारत नाही;
विरजण आणायला धाडलेलं पोर,
वाटी भरून आली की झालं.
मला तो आवडायचा. खरंच.
अकोल्याची शाखा डोळ्यांदेखत नाशिकच्या बुंध्याला चिकटायची
आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत मान डोलवायचे.

मग आम्ही यजमानांसाठी दार उघडलं:
आपली माहिती आपणच भरा, फाइल चढवा.
मंगळवारी रात्री सव्वादोनला एक आली.
आडनाव नाही. गाव नाही.
पणजोबांच्या जागी नुसती एक एंटिटी,
आणि तिचा पत्ता बाहेरचा नव्हताच,
आमच्याच घरातला होता,
आतल्या खोलीतल्या कपाटातल्या चोरकप्प्याचा.
पार्सर गेला. आणलं. ओतलं.
सकाळी पाहते तर पणजोबांच्या जागी
आमच्या सर्व्हरवरच्या सगळ्या खात्यांची यादी,
एकाखाली एक, नीट,
रूट सगळ्यात वर,
मूळ पुरुषासारखा.

नाझनीनने शिवी दिली नाही, ती देत नाही.
म्हणाली, "बंद कर. बाहेरचं काहीच आणायचं नाही."
एका ओळीचं काम होतं. केलं.
चोर थांबला,
आणि अकोल्याची शाखा तुटली, येवल्याची तुटली,
चौऱ्याऐंशी घरांना अचानक चुलतेच राहिले नाहीत.

दुपारी गुरुजींकडे गेले, रामकुंडाच्या अंगाला.
ओट्यावर बऱ्हाणपूरचं एक जोडपं बसलेलं.
"आमची एक पाती त्र्यंबकच्या वहीत आहे म्हणतात,
तेवढी इथं उतरवून घ्या."
गुरुजी उठले नाहीत. कुणाला धाडलंही नाही.
मांडीखालून एक बारकी चोपडी काढली,
कुठल्या वहीची नक्कल आपल्याच पेटीत आहे
त्याची सूची. बोट फिरवलं. नव्हती.
"ऐकीव मी लिहीत नाही. नक्कल घेऊन या."
आणि चार बोटं जागा सोडून
पुढची पिढी लिहायला घेतली.
त्या बाई जरा रागावल्या होत्या.

परतताना पुलावर गाडी बंद पडली, ढकलत आणली.
रात्री मी ती बारकी चोपडी लिहिली,
सव्वीस ओळींचा रिझॉल्व्हर:
पत्ता आला की आधी सूचीत पाहा,
असेल तर आपल्या पेटीतली नक्कल दे,
नसेल तर जाऊ नकोस.
काहीतरी द्यायलाच हवं,
म्हणून रिकामी स्ट्रिंग दे.

एकोणऐंशी घरांना चुलते परत मिळाले.
पाचांना नाही.
पाचांतलं एक आमचं, आईकडचं.
पत्ता धुळ्याचा; तो सर्व्हर
भाडं थकून कधीचाच बंद पडलाय.
तिथे आईच्या मामांचं नाव यायला हवं,
दगडू की दगडोबा,
ती स्वतःच दोन्ही सांगते.
हाताने टाइप केलं असतं तर कुणाला कळलं असतं?

नाझनीन दिवे मालवत म्हणाली, "चल, रिक्षा थांबलीय."
मी नाव लिहिलं नाही.
चार बोटं मोजून चार स्पेस दिल्या.
पार्सर त्या धरत नाही.